दुपारची काच धुरकट का यायची

मागच्या आठवड्यात मी एक मेलेलं मेम्ब्रेन कापलं. मेलेलं म्हणजे ज्याच्यातून पाणी जाणंच बंद झालं होतं असं. गोंदियाजवळच्या एका राईस मिलमध्ये मी सांडपाण्याचा प्लांट सांभाळते. तिथं माणसाएवढी लांब पांढरी नळकांडी आडवी लावली आहेत आणि प्रत्येकाच्या आत चटई गुंडाळावी तसं मेम्ब्रेन गुंडाळलेलं असते. कटरने वरचं कवच फाडलं, एक एक थर उलगडत गेली, वरच्या थरांवर नुसता पिवळा चिकट गाळ. आणि मग एकदम आतल्या थराला बोट लागलं. पांढरं, गुळगुळीत, थंड. मी तिथंच फरशीवर बसली. ऑपरेटर धावत आला, त्याला वाटलं मॅडमला चक्कर आली. चक्कर नाही, मला आमच्या कॉलेजची लॅब आठवली, आणि इतकी जोरात आठवली की घरी येऊन आधी हे टाइप करून राहिली. जसं आठवते तसं लिहिते.

आधी मेम्ब्रेन म्हणजे काय ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आणि खरं म्हणजे मला ते सांगायला लय आवडते. आमच्या घरी पाहुणे आले की आई आधीच सांगून ठेवते, हिला तिच्या कामाचं विचारू नका.

सगळ्यांना वाटते की आधी प्लास्टिकचा पातळ कागद बनवतात आणि मग त्याला बारीक सुईने छिद्रं पाडतात. मलाही एम.एस्सी.च्या आधी तसंच वाटायचं. पण इतकी बारीक सुई जगात कुठंच नाही. छिद्रं कोणी पाडत नाही, ती आपोआप पडतात. एक पॉलिमर घ्यायचं, आमच्याकडचं भिजवलेल्या साबुदाण्यासारखं दिसायचं. ते एका द्रावकात टाकायचं, ज्याला शिळ्या माशासारखा वास यायचा. दिवसभर ढवळत राहायचं, की मधासारखं घट्ट, पारदर्शक होते. मग ते झाकून नुसतं ठेवून द्यायचं, आतले बुडबुडे निघून जाईपर्यंत. मग काचेच्या एका सपाट तुकड्यावर ओतायचं आणि वरून स्टीलची पट्टी ओढायची. पट्टी आणि काच यांच्यात दोन-तीन केस मावतील एवढीच फट. काचेवर पातळ, चकचकीत थर बसतो, इतका पारदर्शक की काच कोरीच वाटते. आणि मग ती काच उचलायची आणि पाण्याच्या ट्रेमध्ये एका दमात सरकवायची.

पुढच्या चार-पाच सेकंदांत जे होते ते मी शेकडो वेळा पाहिलं असेल, तरी मन भरलं नाही. द्रावकाला पाणी आवडते, तो बाहेर पळतो. त्याच्या जागी पाणी आत घुसते. पॉलिमरला मात्र पाणी बिलकुल आवडत नाही, त्याला पळायला जागाही नसते, म्हणून तो जिथं आहे तिथंच गोठतो. वरचा थर सगळ्यात आधी गोठतो, एकदम घट्ट, सायीसारखा. त्याच्या खाली पाणी बोटं खुपसल्यासारखं आत शिरत जाते आणि मोठमोठ्या पोकळ्या होतात. आणि काच तुमच्या डोळ्यांसमोर दुधासारखी पांढरी होते. मग तो कागद कडेपासून आपोआप सुटतो आणि पाण्यात तरंगायला लागतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या आणि आमच्या प्रोजेक्टच्या मॅडमनी माझ्याकडं पाहून हात धुऊन यायला सांगितलं होतं.

तर, शेवटचं वर्ष होतं आणि आमचा प्रोजेक्ट हाच होता. आम्ही म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. ती सौंदडवरून रोज रेल्वेने यायची, घरी धानाची शेती. मी मुर्रीची, स्कूटीवर दहा मिनिटांत कॉलेजात. आम्हाला राईस मिलचं पाणी गाळायचं होतं. उसना तांदूळ करताना धान गरम पाण्यात भिजवतात, वाफवतात, आणि मागं उरते ते पिवळट, गढूळ, आंबूस वासाचं पाणी. नागऱ्याच्या रस्त्यावरच्या एका मिलमधून आम्ही ते कॅनने आणायचो. मेम्ब्रेन चांगलं असलं तर त्यातला स्टार्च वर अडतो आणि खालून स्वच्छ पाणी येते. तपासायची पद्धत तर शाळेतलीच. खालून आलेल्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकायचा. निळं झालं म्हणजे स्टार्च गळून आला, मेम्ब्रेन बेकार. निळं नाही झालं की जिंकलो.

काच एकच होती, पट्टी एकच. म्हणून पाळ्या केल्या. मैत्रीण सकाळच्या गाडीने येऊन आठ वाजता लॅबमध्ये हजर, तिची पाळी सकाळची, कारण दुपारी तिला परतीची गाडी पकडायची असायची. माझी पाळी दुपारची.

आणि तिची प्रत्येक काच चांगली यायची. माझी प्रत्येक काच वाया.

थर ओढला, काच उचलली, ट्रेकडं वळली, की तेवढ्यात काचेवर धुकं धरल्यासारखं व्हायचं. पाण्यात जायच्या आधीच धुरकट. मग पाण्यात टाकली तरी वरची ती घट्ट साय बसायचीच नाही, वरून खडूसारखं खरखरीत दिसायचं. आयोडीन टाकलं की निळं. दुसऱ्या दिवशी पुन्हा निळं. तीन आठवडे निळं.

मॅडम एक दिवस सहज बोलून गेल्या की तिचा हात बसलाय, तुझा अजून बसायचाय. झालं, तेच सगळ्यांनी धरून घेतलं, मी सगळ्यात आधी. कारण आमच्याकडं हे कोणाला नवीन नसते. मोहल्ल्यात तांदळाचे पापड करायचे असले की अमक्या काकूलाच बोलावतात, तिच्या हाताचे फाटत नाहीत म्हणून. लोणचं तमकीनेच कालवायचं, तिच्या हाताचं टिकते. लहानपणापासून मी ऐकत आली की माझ्या हाताला काही लागत नाही. तर मेम्ब्रेनही नाही लागलं, त्यात नवल काय. मी कारण शोधलंच नाही. रसायनशास्त्राची पोरगी, आणि तीन आठवडे स्वतःच्या हाताला दोष देत बसली.

उलट मी सराव केला. घरी स्टीलच्या परातीवर तांदळाचं पीठ कालवून ओतायची आणि फूटपट्टीने ओढायची, लवकर, आणखी लवकर, म्हणजे काचेवर वेळ जाणार नाही. आईने दाराशी उभं राहून दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काऊन वं, कॉलेजात चिले करायले शिकवून राहिले का?" आणि मग त्याच पिठाचे तिने खरंच चिले टाकले, पातळ धिरडी.

हे सगळं मी हसत सांगून राहिली, पण तेव्हा हसू येत नव्हतं. कारण मॅडमचे एक वर्गमित्र गुजरातमध्ये मेम्ब्रेन बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या जागेवर होते. त्यांना ट्रेनी पाहिजे होती. एकच. ते रायपूरला जाताना गोंदियाला उतरून आमची लॅब पाहणार होते, आणि मॅडमनी त्यांना सांगून ठेवलं होतं की माझ्या दोन पोरी आहेत, करून दाखवतील, तुम्हीच ठरवा. मला ती जागा इतकी पाहिजे होती की मी मोबाइलवर त्या कंपनीच्या मशीनचा व्हिडिओ पाहत बसायची. आमची काच वहीच्या पानाएवढी, आणि तिथं माणूस आडवा झोपेल एवढा रुंद थर न थांबता वाहत पाण्यात उतरून राहिला. मैत्रिणीला पण पाहिजे होती. ती बोलायची नाही, पण तिने तो व्हिडिओ माझ्याकडून दोनदा मागून घेतला.

मॅडमनी ठरवलं की काच मैत्रीण ओढणार आणि गाळून आयोडीन टाकून मी दाखवणार. बरोबरच होतं. तिचा हात बसलेला.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, दुपारी, लाइट गेली. मे महिना होता. लाइट गेली की गोंदियात पाच मिनिटांत सगळे बाहेर येतात. लॅबही रिकामी झाली, सगळे व्हरांड्यात. मी मात्र द्रावण तयार करून बसली होती, आता फेकायचं कसं, म्हणून थोडी वाट पाहून तशीच काच ओढली. घाम हनुवटीवरून टपकत होता, मान मागं घेऊन ओढली की काचेवर नको पडायला. आणि काच उचलली तर पारदर्शक. ट्रेपर्यंत गेली तरी पारदर्शक. पाण्यात सरकवली आणि ती एका झटक्यात पांढरी झाली, वर चमक. मी तिथं एकटीच होती. कोणाला दाखवायला कोणी नाही.

कागद साच्यात बसवला, मिलचं पाणी टाकलं आणि हाताने मारायच्या छोट्या पंपाने गाळलं. आयोडीन टाकलं. निळं नाही.

मग लाइट आली आणि कूलर घरघरला.

आता विदर्भाबाहेरच्या लोकांना सांगते, आमचा कूलर म्हणजे एसी नाही. पत्र्याचा मोठा डबा, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, त्यांच्यावर पाणी सोडायचं आणि आतला पंखा ओली थंड हवा फेकतो. उन्हाळ्यात तो चालूच असतो, त्याच्याकडं कोणी बघत पण नाही, भिंतीकडं बघावं तसं. आमच्या लॅबचे काका, म्हणजे चपराशी, रोज अकरा वाजता त्याच्यात बादल्या ओतायचे आणि तोंड बरोबर आमच्या टेबलाकडं करून द्यायचे, पोरींना गरम होते म्हणून. अकरा वाजता. मैत्रिणीचं काम साडेदहाला आटोपायचं.

मी तीच काच पुसून पुन्हा ओढली, कूलर चालू ठेवून. तीन सेकंदांत धुरकट. म्हणजे पाणी ट्रेमधूनच येत होतं असं नाही, हवेतून पण येत होतं, हळूहळू, वरून. द्रावक ते पिऊन घ्यायचा आणि थर पाण्यात जायच्या आधीच अर्धवट गोठायचा, म्हणून घट्ट साय नाही, मोठी छिद्रं, म्हणून स्टार्च गळतो. बाहेरची ती भट्टीसारखी कोरडी हवा, जिच्यापासून आम्ही पळत होतो, ती मेम्ब्रेनला पाहिजे होती. माझ्या हातात काहीच वाईट नव्हतं. मी नाचली, खरंच, टेबलाभोवती.

आणि मग थांबली.

मैत्रीण गाडीत बसली असेल एव्हाना. मोबाइल हातात होता. पाहुणे उद्या बाराला येणार. बाराला कूलर चालू असणार, पाहुणा आहे म्हणून तर फुल. तिने आजवर कूलरमध्ये एकही काच ओढली नव्हती. तिला माहीतच नाही. आणि माझी ती चांगली काच, म्हणजे त्यावरून सुटलेला कागद, माझ्याजवळ डब्यात पाण्यात होता, पाहुण्यांना दाखवायला तयार.

मी फोन नाही केला. संध्याकाळी करते म्हटलं, मग जेवण झाल्यावर करते म्हटलं. सकाळी म्हटलं, लॅबमध्ये भेटेलच.

लॅबमध्ये भेटली. नवा ड्रेस घातला होता, केस घट्ट बांधले होते. मला म्हणाली की घाबरून डबा घरीच विसरली. मी म्हटलं, होते असं. एवढंच म्हटलं.

पाहुणे आले. जाडसर, हसरे, हिंदीत बोलणारे. स्टेशनपासून येतानाच घामाने भिजले होते. काकांनी त्यांना खुर्ची बरोबर कूलरच्या तोंडाशी दिली, टेबलाच्या या बाजूला, आणि दोन बादल्या जास्त ओतल्या. पाहुण्यांनी डोळे मिटून म्हटलं, "हाँ, अब जान में जान आई." सगळे हसले.

मैत्रिणीने थर ओतला, पट्टी लावली, ओढली. पट्टी रोजच्यासारखी सरळ गेली. काच उचलली आणि तिच्या डोळ्यांसमोर ती धुरकट झाली. तिने थोडा वेळ तशीच धरून ठेवली, मग पाण्यात सोडली. मी तो कागद घेतला, साच्यात बसवला, मिलचं पाणी टाकलं, पंप मारला. मला माहीत होतं काय होणार. मी तरी पंप मारत राहिली. थेंब टाकला. निळं, चांगलं गडद निळं.

पाहुण्यांनी चांगुलपणाने म्हटलं की होता है, होता है. मॅडम खिडकीकडं पाहत होत्या. आणि मैत्रीण स्वतःच्या हाताकडं पाहून राहिली होती. पंजा उघडून, उलटून, सुलटून. जसं मी तीन आठवडे रोज पाहायची, अगदी तसंच.

ते मला पाहवलं नाही. मी उठली आणि जाऊन कूलरचं बटण बंद केलं.

काका हबकलेच. "बाई, पाव्हने बसले हायेत ना वो." मी त्यांना म्हटलं की माफ करा काका, आणि खिडक्या पण उघडल्या, चारही. बाहेरची झळ सरळ आत. पाहुण्यांच्या कपाळावर पुन्हा घाम. मॅडम काही म्हणणार होत्या तर मी मैत्रिणीला म्हटलं, "दहा मिनिटं थांब. ओल निघून जाऊ दे. मग ओढ. तुझ्या हाताचं काही नाही त्याच्यात."

दहा मिनिटं आम्ही सगळे त्या भट्टीत बसलो. मी कूलरचं सगळं सांगितलं, लय भरभर, मध्येच हिंदी, मध्येच मराठी. पाहुणे रुमालाने मान पुसत ऐकत होते आणि हसू पण येत होतं त्यांना. मग मैत्रिणीने काच पुसून पुन्हा ओढली. पारदर्शक उचलली, पारदर्शक सरकवली, आणि ती पांढरी झाली तेव्हा पाहुणे खुर्चीवरून उठून ट्रेवर वाकले. आयोडीन टाकलं. पाणी आयोडीनसारखं पिवळंच राहिलं, निळं नाही.

त्यांनी मला विचारलं, "आपको ये कब पता चला?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच सुचलं म्हटलं असतं तर कदाचित जागा मलाच मिळाली असती, मला नंतर लय वेळा वाटलं. पण मैत्रीण समोर होती, ओल्या हाताने.

"कल," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं आणि मग पाहिलंच नाही. मैत्रिणीने ट्रेमधलं मेम्ब्रेन उचलून पाण्याच्या डब्यात ठेवलं, झाकण लावलं, हात पुसले, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेली. मी स्टेशनवर सोडते म्हटलं तर म्हणाली, ऑटो आहे.

चार दिवसांनी पत्र आलं. तिलाच घेतलं. घ्यायलाच पाहिजे होतं, मी आजही तेच म्हणेन.

त्या दुपारपासून अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सबमिशन चालू होतं, आम्ही एकाच टेबलावर बसून एकाच रिपोर्टची पानं लावायचो, पण तिचा डबा तिच्या पुढ्यात आणि माझा माझ्या. तिच्या घरची लाखोळीची डाळ मी दोन वर्षं खाल्ली होती. अकरा दिवस फक्त वास घेतला.

बाराव्या दिवशी तिचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. म्हणाली की गुजरातले जायले मोठी बॅग पायजे, बाजारात चाल.

गोंदियाच्या बाजारात, बॅगांच्या दुकानात, आम्ही दोघी स्टुलांवर बसलो. दुकानदार एक एक बॅग काढून चेन उघडून दाखवत होता, मजबूत है, चाकं देखो. ती बॅगकडं पाहत होती. माझ्याकडं न बघताच तिने विचारलं,

"फोन काऊन नाई केला तू मले?"

मी लय उत्तरं तयार करून ठेवली होती. अकरा दिवस दुसरं केलंच काय होतं. बॅटरी नव्हती, रेंज नव्हती, विसरली.

"मले ती जागा पायजे होती," मी म्हटलं.

दुकानदाराने आणखी एक बॅग काढली. तिने चेन स्वतः ओढून पाहिली, एकदा, दोनदा.

"मलेही पायजे होती," ती म्हणाली. मग दुकानदाराला म्हणाली, "भैया, ये नहीं. इससे बडा दिखाओ."

तिने निळी घेतली, इतकी मोठी की स्कूटीवर बसेना. मग ती मागं बसली, बॅग आमच्या दोघींच्या मध्ये उभी, आणि मला आरशात तिचं तोंड दिसत नव्हतं, नुसती बॅग. स्टेशनपर्यंत मी हळू चालवली. फाटकाजवळ मागून आवाज आला की भूक लागून राहिली, काहीतरी खाऊ घाल. मी गाडी बाजूला घेतली.